टेन्शनर ठीक आहे

बाबांच्या गाडीची एक वही होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ठेवलेली. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस, त्यामुळे नोंद ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. पेट्रोल किती भरलं, मीटर किती होता, चाकांत हवा कधी मारली, वायपरची रबरं कधी बदलली, सगळं बारीक, सरळ अक्षरात. ते गेल्यावर कित्येक वर्षं मी ती वही उघडली नव्हती. उघडली ती 2022 च्या फेब्रुवारीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये. समोर गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं आणि मेस्त्रींनी विचारलं होतं, "बेल्ट मागं कधी घातला हुता आपण?"

वहीत होतं. 12 फेब्रुवारी 2013. मीटर 58,412. "टायमिंग बेल्ट बदलला. वॉटर पंप पाहिला. टेन्शनर ठीक आहे असे मेस्त्री म्हणाले."

मी मोठ्यानं वाचलं. मेस्त्रींनी हातातला पाना ट्रेमध्ये ठेवला, फडक्याला हात पुसले, वही माझ्याकडून घेतली आणि स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मीच म्हणलो हुतो."

त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट आधी सांगायला हवी. साखरप्याजवळ आमचं गाव आहे. चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न आटोपून आई आणि मी कोल्हापूरला परत निघालो होतो. आंब्याला मोहोर, सकाळची कोवळी उन्हं, आणि आंबा घाटाची चढण. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये छान ओढत होती. एका वळणानंतर ती गप्प झाली. फट्ट नाही, धाड नाही, धूर नाही. पंख्याचा खटका बंद करावा तसं इंजिन थांबलं. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक एकदा नीट लागला, दुसऱ्यांदा पायाखाली दगड असावा तसा कडक झाला. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ एक-दोन दाबांपुरतीच शिल्लक राहते, हे मला पुस्तकी ठाऊक होतं. पायाला त्या दिवशी कळलं. हँडब्रेक ओढला, उतरलो, मागच्या चाकांना दगड लावले. आई आतच बसून होती, मांडीवर लग्नातल्या लाडवांचा डबा घट्ट धरून.

मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण ते फिरणं वेगळंच होतं. नेहमी सेल्फ मारला की इंजिन अडखळत, दम लावत फिरतं. प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना तो दम लागतो. इथे तसं काहीच नाही. रिकाम्या जात्यासारखं हलकं, भरभर, एकसुरी फिरलं. मी आणखी एकदा मारला. मग शंभरेक पावलं चढून गेल्यावर फोनला रेंज मिळाली तिथून मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी सेल्फचा आवाज कसा येतो विचारलं. मी सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दादा, आता किल्लीला हात लावू नका. टायमिंग गेलंय."

एवढ्यावरून त्यांना कसं कळलं, हे समजायला इंजिनाच्या आत थोडं डोकावावं लागतं. खाली क्रँक नावाचा फिरता दांडा असतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. वर हेडमध्ये कॅम असतो, तो हवेची ये-जा राखणारे व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हे गणित एका दातानंही चुकून चालत नाही. क्रँक आणि कॅम यांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट, रबराचा, आतल्या बाजूला दाते असलेला. पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा जरा घसरला तर बिघडत नाही, फार तर दळण उशिरा निघतं. टायमिंग बेल्टला ती मुभा नाही, म्हणून त्याला दाते. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही. म्हणून सेल्फ हलका फिरतो. मेस्त्रींनी ऐकला तो हा हलकेपणा.

आणि किल्लीला हात लावू नका असं का? आमच्या गावी पूर्वी उखळात पोहे कांडायचे. माझी आजी मुसळ मारायची आणि आत्याआजी मुसळ वर गेलं की पटकन हात घालून उखळातले पोहे सारायची. मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. दोघी गप्पा मारत हे करायच्या, कुणी उखळाकडे बघायचंही नाही. पुष्कळशा इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचं असंच असतं. जागा एकच, वाटून घेतलेली असते ती वेळ. व्हॉल्व्ह खाली उतरतो तेव्हा पिस्टन दूर असतो, पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो. बेल्ट तुटला की ताल तुटला. पिस्टन येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. सगळ्या गाड्यांत असं होत नाही. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवलेलं असतं, तिथे बेल्ट तुटला तर गाडी नुसती थांबते, नवा बेल्ट घातला की चालू. डिझेल इंजिनांत मात्र दाब इतका जास्त लागतो की वर मोकळी जागा उरतच नाही. आमची गाडी पेट्रोलची, पण सोळा व्हॉल्व्हची आणि याच उखळ-मुसळ जातीची.

गाडीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. दोष गाडीचा नव्हता.

टो करून गाडी कोल्हापूरला आणली, साठ-पासष्ट किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी बेल्टवरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. त्यांची ही सवय मला आवडते. माल दाखवल्याशिवाय ते बोलत नाहीत. बेल्ट दोन तुकड्यांसारखा लोंबत होता. दात्यांची बाजू बरीचशी शाबूत होती. उलटी, सपाट बाजू मात्र काचेसारखी चकचकीत, काळी, काही ठिकाणी वितळून पुन्हा घट्ट झालेली. कडेनं पांढुरके धागे बाहेर आले होते, काचतंतूंचे. रबर फक्त दिसायला असतं, खरा ओढा ते धागे झेलतात. मेस्त्रींनी तो बाजूला ठेवला आणि एक छोटी, मुठीत मावेल एवढी पुली माझ्या हातात दिली. "फिरवा बघू." मी फिरवायला गेलो. ती फिरली नाही. अंगठ्यानं जोर लावला तेव्हा करकर करत पाव फेरा गेली आणि पुन्हा अडली. तिच्या कडेचा धातू निळसर पडला होता, तव्याला जास्त आच लागल्यावर पडतो तसा. आतल्या ग्रीसची कोरडी, तांबूस भुकटी माझ्या बोटांना लागली.

हाच टेन्शनर.

मेस्त्री वारकरी आहेत आणि त्यांच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांनी मला टेन्शनर समजावला तो पखवाजाच्या भाषेत. पखवाजाला दोन्ही तोंडांमधून वादी ओढलेली असते आणि वादीखाली लाकडी गट्टे असतात. गट्टा ठोकून सरकवला की वादी ताणते, सूर चढतो. गट्टा सैल पडला की वाजवणारा कितीही तयारीचा असो, थाप बेसूर. बेल्ट ही वादी आणि टेन्शनर हा गट्टा. फरक इतकाच की हा गट्टा नुसता बसून राहत नाही, बेल्टच्या पाठीवर रेलून तो सतत फिरत असतो. इंजिन तापलं की अॅल्युमिनियमचं हेड फुगतं, कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर वाढतं, बेल्ट ताणतो. थंड झालं की उलटं. तो फरक टेन्शनरची स्प्रिंग पोटात घेते. काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा असतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तर मेस्त्रीनं हातानं ताण जमवून बोल्ट आवळला की संपलं. मग त्या मेस्त्रीचा हात हाच टेन्शनर. सैल ठेवला तर बेल्ट दात सोडून उडी मारतो. फार आवळला तर बेल्ट गातो आणि बेअरिंगचं आयुष्य खातो, टेन्शनरचं आणि वॉटर पंपाचंही. जुने मेस्त्री सर्वांत लांब पट्ट्यावर बेल्ट अंगठा आणि तर्जनीत धरून पिळून बघायचे. काटकोनापर्यंत पिळला गेला आणि तिथे अडला तर ताण बरोबर. आता मोठ्या वर्कशॉपमध्ये बेल्टवर टिचकी मारून त्याच्या आवाजाची कंपनं मोजणारं यंत्रही असतं. मेस्त्रींना हे मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हंजे सूरच लावत्यात की."

बेल्ट बदलताना लोक बेल्टकडे बघतात, कारण नाव त्याचं आहे. पण आमच्या बेल्टचं काय झालं होतं? टेन्शनरचं बेअरिंग आतून कोरडं पडलं. त्यातलं ग्रीस कारखान्यात एकदाच भरतात, वरून भरायची सोय नसते. कोरडं बेअरिंग आधी कुरकुरतं, मग अडखळतं, मग जाम होतं. पुली थांबली तरी बेल्ट पळतोच आहे, त्या थांबलेल्या लोखंडावरून पाठ घासत. काही मिनिटांत रबर वितळतं, धागे उघडे पडतात आणि जातात. बेल्ट तुटला म्हणून गाडी बंद पडली, हे खरं. पण बेल्ट मेला तो दुसऱ्याच्या मरणानं. उलटही घडतं. कॅमच्या किंवा क्रँकच्या सीलमधून तेल गळतं, रबर ते पितं, फुगतं, मऊ होतं, आणि टेन्शनर धडधाकट असूनही दाते उपटून निघतात. म्हणून बेल्टच्या आवारात राहणाऱ्या सगळ्यांचा विचार एकत्र करायला हवा. टेन्शनर, आयडलर म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली, सील, आणि ज्या गाडीत वॉटर पंप याच बेल्टवर चालतो तिथे तो पंपही. मजुरी तीच लागते, झाकण एकदाच उघडायचं असतं.

2013 मध्ये ते झालं नाही. टेन्शनरचे 1,150 रुपये वाचले. का वाचवले, हे मला नीट ठाऊक आहे. बाबा कंजूष नव्हते, पण चालती वस्तू बदलणं त्यांच्या पिढीला पाप वाटायचं. आणि मेस्त्रींनी तेव्हा पुली बोटानं फिरवून पाहिली होती. आवाज नव्हता, खेळ नव्हता. "त्या दिवशी ती ठीकच हुती," मेस्त्री म्हणाले. "पण मी तिला आणखी एका बेल्टाचं आयुष्य दिलं. ते द्यायला माझ्याजवळ काय आधार हुता? काय न्हवता." हे त्यांनी तीन पोरं हाताखाली काम करत असताना, त्यांच्यासमोर म्हटलं. मी कितीतरी शिकल्या-सवरल्या लोकांबरोबर काम करतो. आपल्या नऊ वर्षांपूर्वीच्या निर्णयाकडे इतकं सरळ बघणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

त्या पुलीचा हिशोब मी नंतर घरी बसून मांडला. ताशी सरासरी 40 किलोमीटर आणि मिनिटाला 2,000 फेरे धरले, तर 75,000 किलोमीटरला क्रँकचे साडेबावीस कोटी फेरे होतात. टेन्शनरची पुली लहान असते, ती जवळपास क्रँकइतकीच फिरते. साडेबावीस कोटी फेरे, एकदाच भरलेल्या ग्रीसवर. ठीक आहे म्हणताना एवढं मनात असायला हवं.

पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. गाडी बंद पडली तेव्हा मीटर 74,930 वर होता. म्हणजे बेल्ट घातल्यापासून साडेसोळा हजार किलोमीटर. गाडीच्या पुस्तकात बेल्टचं आयुष्य 60,000 दिलेलं. मी मेस्त्रींना तावातावानं म्हणालो की हा तर अर्धं आयुष्यही जगला नाही, वेळेआधीच गेला, माल डुप्लिकेट होता का? डुप्लिकेटची शंका अगदीच वेडी नव्हती. बेअरिंगच्या बाबतीत नकली माल खोक्यापासून हुबेहूब मिळतो आणि आतलं पोलाद आणि ग्रीस दिसत नसतं. मेस्त्रींनी काही उत्तर दिलं नाही. पुस्तक मागितलं, आणि बाबांनी लाल पेनानं अधोरेखित केलेलं वाक्य माझ्यापुढे धरलं. लाल रेघ "60,000 किलोमीटर" या शब्दांखाली होती. त्यापुढे रेघ नसलेले शब्द होते. किंवा 5 वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते.

नऊ वर्षं झाली होती. बेल्ट वेळेआधी गेला नव्हता, वेळेनंतर चार वर्षं राबला होता. आणि टेन्शनर? तो तर 2006 चा, गाडीबरोबर आलेला. सोळा वर्षांचा.

ती लाल रेघ मी बराच वेळ बघत राहिलो. बाबांसारखा काटेकोर माणूस अर्धंच वाक्य का अधोरेखित करतो? मला वाटतं, याचं मूळ त्यांच्या पहिल्या गाडीत आहे. त्यांनी गाडी शिकली आणि पुढे सेकंडहँड घेतली ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनणारी, फियाटच्या जातीची. तिच्या इंजिनात टायमिंगला साखळी होती. अॅम्बॅसिडरमध्येही साखळीच. साखळी इंजिनाच्या तेलात न्हालेली असते, जुनी झाली की खुळखुळते, बोंब मारते, महिनोन्‌महिने सांगत राहते. तिला वर्षांचं सोयरसुतक नसतं, चालण्यानं झिजते तेवढीच. मग 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिच्या पोटात रबराचा बेल्ट होता. पुढे झेन आली, 1998 मध्ये सँट्रो आली, तिच्यातही बेल्टच. गाडी बाळगणारी एक अख्खी पिढी साखळीवरून रबरावर आली. पण गाडीचं वय किलोमीटरमध्ये मोजायची सवय साखळीच्या काळातलीच राहिली. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, हे घराघरात कुणी येऊन सांगितलं नाही. टायरचं दिसतं, भेगा पडतात. बेल्ट झाकणाआड असतो.

मुळात बेल्ट हा गाडीत आलाच स्वस्त, हलका आणि शांत म्हणून. त्याला तेलात ठेवावं लागत नाही. रस्त्यावर चालवायला विकल्या जाणाऱ्या गाडीत तो पहिल्यांदा आणला तो जर्मनीतल्या बव्हेरियात, डिंगोल्फिंग या छोट्या गावी, ग्लास नावाच्या कारखान्यानं. गाडीचं नाव 1004, साल 1962. हा कारखाना आधी शेतीची यंत्रं बनवायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचं उद्यमनगर आठवलं. इथली कितीतरी गॅरेजं आणि फाउंड्र्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनांच्या कामातून उभ्या राहिल्या आहेत. ग्लास चार वर्षांतच, 1966 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ताब्यात गेली, आणि बेल्ट मात्र जगभर पसरला. त्याचं आयुष्य किती, हे मोठमोठ्या कंपन्यांनाही आधी नीट उमगलं होतं असं नाही. इटलीच्या अल्फा रोमिओनं ट्विन स्पार्क इंजिनांसाठी सुरुवातीला 72,000 मैल म्हणजे 1,16,000 च्या आसपास किलोमीटर सांगितले होते, ते पुढे निम्म्यावर, 36,000 मैलांवर आणले. बनवणाऱ्यानंच शब्द अर्धा केला. तेव्हापासूनचं रबरही बदललं आहे. आधी निओप्रीन असायचं, आता जास्त उष्णता सोसणारं नायट्राइल जातीचं असतं. म्हणून नव्या गाड्यांत लांबलचक आकडे दिसतात. ते आकडे जुन्या गाडीला लावू नयेत, आणि जुन्या गाडीचा पुस्तकातला आकडासुद्धा जुन्या बेअरिंगला लावू नये.

बाबा 2017 मध्ये गेले. गाडी विकायचा विषय निघाला की आई म्हणायची, राहू दे. मीही जोर केला नाही. मी पुण्यात, महिन्यातून एकदा यायचो, तेव्हा रंकाळा, अंबाबाईचं देऊळ, कधी गाव. बाकी गाडी इमारतीखाली कापडानं झाकलेली. आईला गाडी चालवता येत नाही. पण बाबांनी तिला एकदा सांगितलं होतं की गाडी नुसती उभी ठेवू नये, बॅटरी उतरते. म्हणून दर रविवारी पूजा झाल्यावर ती खाली उतरायची, कापड बाजूला करायची, दार उघडून बसायची आणि गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे दोनदा बघून. शेजारच्या काकू सांगतात, कधी कधी पाचाची दहा मिनिटं व्हायची.

या रविवारांचा एक किलोमीटरही मीटरवर पडला नाही. वर्षाला बावन्न, पाच वर्षांत अडीचशेहून अधिक वेळा थंड इंजिन चालू झालं, गरम व्हायच्या आत बंद झालं. टेन्शनरनं ते सगळे रविवार मोजले. शेवटच्या वर्षात सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट एक बारीक आवाज यायचा, रातकिड्यासारखा, मग गाडी तापली की नाहीसा व्हायचा. मी तो ऐकला होता. आईनं तर मला फोनवर सांगितलंही होतं, "गाडी कुईं करते रे थोडं." मी म्हणालो होतो, बाहेरचा, पंख्याचा बेल्ट असेल, ओलाव्यानं होतं. तसं होतंही. पण उतरून, बोनेट उघडून, बघायला मला पाच मिनिटं लागली असती. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणीही हा आवाज ऐकला तर बाहेरचा बेल्ट काढून एकदा इंजिन चालवून बघायला सांगावं, अगदी मिनिटभर. आवाज तरीही आला तर तो आतून येतो आहे.

बाबांची गाडी आम्ही जपतो आहोत असं मला त्या पाच वर्षांत मनापासून वाटत होतं. रंग चकाचक होता, सीट कव्हरं बाबांनी घातलेली तीच, पुढच्या काचेवरचा गणपती तोच. मित्रांना मी अभिमानानं सांगायचो, सोळा वर्षांची आहे पण पंच्याहत्तर हजारसुद्धा झाले नाहीत. ते न झालेले किलोमीटर मी पुण्याईसारखे मोजत होतो. त्या दिवशी गॅरेजात, हातात ती अडलेली पुली घेऊन, मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही गाडी जपली नव्हती, ठेवून दिली होती. बाबा असते तर त्यांनी तिला राबवलं असतं आणि वेळेवर झाकण उघडून बघितलंही असतं. लाल रेघ अर्धी मारली असली तरी.

हेड उतरवलं. सोळातले सहा व्हॉल्व्ह वाकले होते. उघड्या डोळ्यांना तीनच दिसत होते, बाकीचे मेस्त्रींनी काचेवर लोळवून दाखवले, किंचित थरथरत लोळत होते. पिस्टनच्या डोक्यांवर चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा उमटल्या होत्या, पण तडा कुठे नव्हता. मी बेल्ट गेल्यावर दोनदा सेल्फ मारला होता, त्यानं त्यात किती भर घातली कोण जाणे. गाडी चढणीवर, कमी वेगात होती म्हणून निभावलं. हेड मशीनवर सपाट करून आणलं, नवे व्हॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या सीटवर घासून बसवले, मग हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हच्या खळग्यांत रॉकेल ओतून ठेवलं आणि रात्रभर गळतंय का बघितलं. एकूण 28,000 रुपये झाले. वाचवलेल्या अकराशे पन्नासाशी मी त्यांची तुलना मुद्दाम केली नाही. मेस्त्रींनी ती माझ्याआधीच केली असणार, त्यांच्या चेहऱ्यावर ती होती.

बेल्ट घालायच्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. नवा बेल्ट खोक्यातून काढताना त्यांच्या हाताखालच्या पोरानं तो चेपून दुमडला, लगेच मेस्त्री ओरडले. आतले काचेचे धागे एकदा मोडले की दिसत नाहीत, महिन्यांनी तुटतात. तो बेल्ट त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा मागवला. मग खुणा जुळवल्या, खालची खालच्याला, वरची वरच्याला. टेन्शनर बसवला, सोडला, स्प्रिंगनं ताण घेतला. त्यानंतर किल्ली न लावता, क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं पूर्ण दोन फेरे फिरवले, अगदी सावकाश, प्रत्येक पाव फेऱ्याला कान देऊन. कुठे काही आडवं आलं तर हाताला कळतं, सेल्फला कळत नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या. तरी त्यांनी आणखी दोन फिरवले.

गाडी चालू झाली तेव्हा आई गॅरेजच्या दारात उभी होती. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "कुईं गेलं."

निघताना मेस्त्रींनी वही मागितली. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली बरीच पानं कोरी होती, कारण आम्ही कुणी काही लिहिलंच नव्हतं. त्यांनी एक रेघही न सोडता बाबांच्या अक्षराखाली लगेच लिहिलं, ऑइलचे डाग पाडत, मोठ्या, वाकड्या अक्षरात. टायमिंग बेल्ट नवीन. टेन्शनर नवीन. आयडलर नवीन. वॉटर पंप नवीन. सील दोन्ही नवीन. मीटर 74,931. पुढे पुन्हा केव्हा, तिथे त्यांनी किलोमीटरचा आकडा घातलाच नाही. फेब्रुवारी 2026, एवढंच. मी म्हणालो, पुस्तकात पाच वर्षं आहेत. ते म्हणाले, "पुस्तक चालत्या गाडीचं हाय. हिला मी चारच देतो."

परवा आईचा फोन आला. मीटर आता 81,000 च्या आसपास आहे. मधल्या काळात मी जरा जास्त वेळा कोल्हापूरला गेलो, आणि दोनदा गाडी पुण्यालाही आणली. बोलणं नेहमीचंच, गुडघा, कामवाली, गॅस. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "अरे, वहीत फेब्रुवारी लिहिलाय. कधी येतोयस?"